वेन आजोबांनी बायकोसाठी नेलेले गोळे

मिठाईच्या दुकानात युनश्यांगताई फळीमागे उभी असली की रांग कितीही लांबो, कुणी कुरकुरत नसे. सूचौच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे दात तिला ठाऊक होते. कुणाची कवळी सैल, कुणाची दाढ हलते, कुणाला साखर वर्ज्य. पुडा बांधायला माझ्याकडे सरकवतानाच ती बजावायची, "हिला तिळाचं देऊ नकोस गं, मग दिवसभर दात कोरत बसते." लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या.

वेन आजोबा आमचं जुनं गिऱ्हाईक. जन्मभर कालव्यात मालाच्या होड्या हाकलेल्या, आवाज अजून पलीकडच्या काठाला पोचेल असा. मागच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण घसा सावरला नाही; गिळताना घास अडकायचा. त्यांची मुलगी शूनिंग दुकानात येऊन सांगून गेली, "मावशी, डॉक्टरांनी चिकट काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय. बाबा येतील, गोड बोलतील. तुम्ही विरघळू नका."

"नाही विरघळत," ताई म्हणाली.

आणि नाहीच विरघळली. आजोबा रोज यायचे, ती साध्या तांदळाची भुसभुशीत वडी पुढे करायची.

"हा भुगा चिमण्यांना घाल! मी काय चिमणी आहे?"

"चिमणी परवडली, आजोबा. ती एवढी भांडत नाही."

रांगेतले हसायचे. आजोबा पुटपुटत वडी घेऊन जायचे.

मग चिंगमिंग आला, पितरांच्या कबरी झाडून तिथे नैवेद्य ठेवायचा सण. त्या दिवसांत आमच्याकडे हिरव्या गोळ्यांची झुंबड असते: चिकट तांदळाचं पीठ, त्यात रानपाल्याचा रस, आत लाल घेवड्याचं गोड पुरण. टोपल्यांतून वाफ निघाली की त्या वासाने माणसं पुलापर्यंत उभी राहतात. आजोबा इस्त्रीचा कोट घालून आले.

"पोरी, दोन दे. मला नकोत, हिला नेतोय. ती तुमच्या गोळ्यांशिवाय सण मानायची नाही."

ताईचा हात थांबला. "शूनिंग कुठंय?"

"ती रविवारी जाणार. बायको माझी आहे, तिची नाही."

ताईने त्यांच्या कोटाकडे पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, मेलेल्या बाईला काय घसा असतो? द्या की!" तिने दोन गोळे माझ्याकडे सरकवले. मी पुडा बांधला.

नैवेद्य दाखवून झाला की आपणच खायचा, ही आमच्याकडची रीतच. दुपारी टेकडीवरच्या रखवालदाराला आजोबा कबरीला टेकून बसलेले दिसले. एक गोळा दगडावर होता, दुसरा अर्धा खाल्लेला; श्वास कधीच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत शूनिंग आली. "मी सांगितलं होतं ना? याच जागी उभी राहून सांगितलं होतं!" ताईने टोपलीवर झाकण ठेवलं. गिऱ्हाइकंच आपसात भांडायला लागली. म्हातारा स्वतःच्या पायांनी गेला, तिचा काय दोष? दोष कसा नाही, शब्द दिला होता ना? मालक बाहेर येऊन म्हणाले, "आपण काही औषधं विकत नाही. मागेल त्याला द्यायचं."

ताईला ते पटलं नाही. ती म्हाताऱ्यांचे गोळे सुरीने चिरून द्यायला लागली. लिन आजी भडकल्या, "मला दूधपितं पोर समजतेस? पुरण सगळं कागदाला लागलं!" एका माणसाला तर तिने सरळ नाही म्हटलं. तो साठीचाही नव्हता. त्याने फळीवर थाप मारून मालकांना बोलावलं. त्या संध्याकाळी ताईनेच मालकांना सांगितलं, "मला आत भट्टीवर घ्या."

पानगळीच्या दिवसांत एकदा शूनिंग मागच्या दाराला आली. ताई वाफेची फडकी धूत होती. मी पीठ चाळत होते, तशीच थांबले.

"एकच विचारायचंय," शूनिंग म्हणाली. "बाबा ते खाणार, हे तुम्हाला कळलं नव्हतं का?"

मला वाटलं, आता तरी ही खोटं बोलेल.

"शंका आली होती," ताई म्हणाली. "कोट बघून आली. जेवणाला निघाल्यासारखे नटले होते. तरी दिले."

शूनिंग खाली दगडावर बसली. "घरी मी त्यांना पातळ पेज पाजत होते. रोज. ते वाटी सरकवायचे, मी ओरडायचे. शेवटच्या सकाळीसुद्धा ओरडले."

ताईने ओले हात पुसले, तिच्या खांद्याकडे नेले. शूनिंग झटक्यात उठली. "हात लावू नका. मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नको करूस."

ती गेली. हल्ली ती पलीकडच्या पुलावरून वळसा घालून बाजारात जाते.

फळीवर आता मालकांची सून असते. हात चपळ, पण कुणाची दाढ दुखते ते तिला माहीत नाही. म्हातारी माणसं रोज विचारतात, "युनश्यांग कुठंय?" एकदा मी आत जाऊन ताईला म्हटलं, "सगळे विचारतात गं. काय सांगू?"

तिने टोपलीचं झाकण उचललं, वाफेत तोंड दिसेनासं झालं. "सांग, हात पोळलाय म्हणून."

तेव्हापासून आम्ही तेच सांगतो.