लग्नाच्या बारा सीड्या

नव्या टीव्हीचे खोके उघडताना येणारा थर्माकोलचा कोरडा, किंचित गोडसर वास नाकाशी आला, की सेवेतली पुष्कळ मोठी प्रकरणे मागे पडतात आणि एका बाईचा गळा आठवतो. त्या गळ्यात काहीही नव्हते.

कापसाने जिल्ह्याला थकवून टाकलेली ती वर्षे होती. मी तेव्हा आर्णी भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. एका लग्नघरातून फिर्याद आली. लग्न बौद्ध पद्धतीचे; वंदना सुरू होण्याआधी नवरीने पांढरे लुगडे नेसताना गळ्यातून उतरवलेली सोन्याच्या मण्यांची एकदाणी नाहीशी झाली होती. नवरीच्या आईला तिच्या आईकडून मिळालेली ती एकदाणी. जबाब झाले, पंचनामा झाला, हाती काही आले नाही.

महिन्याभराने ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस एवढेच बोलला, की लग्नाची सीडी पाहा, मावशीचा हात पाहा.

त्या सीडीच्या बारा प्रती नातेवाइकांत वाटल्या गेल्या होत्या. मी पाहिली ती त्यांतलीच एक, पण बारा घरांतल्या डोळ्यांनंतर माझे डोळे पोचले. नवरीच्या खोलीतली गर्दी, आणि कोपऱ्यात नवरीची धाकटी मावशी काहीतरी पिवळे, मण्यांसारखे, घाईने बटव्यात सारते आहे. चित्र पाण्यात विरघळलेल्या हळदीसारखे होते. पण संशयाला स्पष्ट चित्र लागत नाही.

महिलेचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, म्हणून महिला शिपायाला घेऊन भर दुपारी तिच्याकडे गेले. अंगणात तुरीच्या काड्यांचा वास होता. ती विधवा होती, मजुरी करून राहत होती. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, "मले काय इचारता मॅडम, सीडी पाहा ना. साऱ्याईनं पाह्यली. आता पाण्यालेबी कोणी संग येत नाही."

बटव्यात काय होते, हे विचारल्यावर तिने सांगितले, की तिची स्वतःची एकदाणी. आईने दोघी बहिणींना एकेक दिली होती. मग दाखवा, म्हटले. ती गप्प झाली. तीनदा गेले, तीनदा याच जागी ती थांबली. मौनाचा अर्थ आम्ही पोलीस फार लवकर लावतो. मी ते कबुलीच्या अलीकडचे मौन मानले आणि अटकेचे कागद मनात तयार करू लागले.

केवळ नियम म्हणून व्हिडिओवाल्याचा जबाब बाकी होता. त्याने नुकताच एचडी कॅमेरा घेतला होता. सीडीचा विषय काढताच तो वैतागला. "मी हौदभर पाणी आणलं मॅडम, लोकाईच्या घरी पेलाच हाये." त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा, की मूळ चित्र फार स्वच्छ होते, घरोघरच्या साध्या प्लेअरवर चालावे म्हणून ते लहान करून सीडीत कोंबले, तेव्हा ते मेले. मूळ कॅसेट? ती तो पुढच्या लग्नात पुसून वापरतो. पण त्या वर्षी लग्नेच कमी झाली, म्हणून ती तशीच पडून होती.

ती पाहायची कशी, हा प्रश्नच होता. कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा. ठाण्याच्या संगणकावर चित्र अडखळून थांबे. स्वच्छ चित्र मावणारी ब्ल्यू-रे तबकडी बनवता येईल, पण ती लावायचे यंत्र व्हिडिओवाल्याने जिल्ह्यात पाहिले नव्हते. शेवटी फिर्यादी बाईला, म्हणजे नवरीच्या आईला, आणि दोन पंचांना घेऊन यवतमाळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने नवा मोठा टीव्ही खोक्यातून काढला आणि कॅमेरा थेट वायरने जोडला.

मावशीचा बटवा आला. मण्यांवरचा मुलामा उडाला होता, आतले पितळ काळवंडले होते, तुटलेला दोरा काळा शिवणाचा होता. माल खोटा होता. फिर्यादी बाई पुटपुटली, "तिची तं खरी होती." मग आणखी मागची दृश्ये पाहिली. बांगड्या भरलेला एक हात रुमालाची पुरचुंडी आंदणाच्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावत होता. डब्यावर देणाऱ्या आत्याचे कोरलेले नाव अक्षर न् अक्षर वाचता येत होते. फिर्यादी बाईने आपल्या मनगटाकडे पाहिले. त्याच बांगड्या. गडबडीत तिनेच एकदाणी सांभाळून ठेवली होती आणि विसरली होती. हरवलेली वस्तू शोधताना माणूस स्वतःच्या हाताला कधी विचारत नाही.

कळंबला मुलीच्या सासरी माळ्यावर तो डबा न उघडता ठेवलेला होता. पंचांसमक्ष एकदाणी निघाली. माझ्या दृष्टीने तपास संपला.

गावाच्या दृष्टीने संपला नव्हता. मावशीनेच भिऊन ती डब्यात टाकली, मॅडमने मिटवून घेतले, असे लोक बोलू लागले. माझा अहवाल फायलीत होता आणि सीड्या बारा घरांत. व्हिडिओवाल्यानेच वाट काढली. पूर्ण चित्र लहान न करता त्यातला हातांपुरता तुकडा कापून घेतला, तर साध्या सीडीतही तो स्वच्छ दिसतो, असे त्याने दाखवले. बहिणीचा हात, डब्यावरचे नाव, आणि मावशीचा बटवा.

ती सीडी घेऊन मी पुन्हा त्या अंगणात गेले. शेजारच्या टीव्हीवर आम्ही दोघींनीच ती पाहिली. तेव्हा तिने तीनदा अडलेले ते पहिल्यांदा सांगितले. नवऱ्याच्या दुखण्यात खरी एकदाणी मोडली, बहिणीला कळू नये म्हणून पितळेची केली, आणि नेमका लग्नात दोरा तुटला. चोर ठरत असतानाही तिने हे कोणाला सांगितले नव्हते.

गुन्हा उकलला की माणूस सुटतो, असे मी नोकरीत शिकले होते. या बाईने शिकवले, की आम्ही त्याला फक्त कागदावर सोडतो. उरलेली वाट त्याने एकट्याने, तीही काहीतरी गमावून चालायची असते. मी तिला स्पष्ट सांगितले, की ही घरोघर गेली तर तुमचे पितळही सगळे पाहतील. नको असेल तर इथेच मोडून टाकते.

तिने पदराने गळा झाकला, मग पदर खाली सोडला. पडद्यावर थांबलेल्या आपल्याच हाताकडे पाहिले, आणि प्लेअरमधून सीडी काढून माझ्या हातात देत म्हणाली,

"वाटा."