जुळून आलेला जबडा

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दगडात अडकलेली हाडं मोकळी करायचं काम ती करायची. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. डोळ्यांवर भिंग, हातात हवेच्या दाबावर थरथरणारी सुई आणि समोर एका मांसाहारी डायनासोरची कवटी. कवटी चांगली टेबलभर होती, पण निम्मी पोकळच. डोळ्याच्या खोबणीपुढे हाडाला मोठी खिडकी, मागेही खिडक्या, आणि मधे नुसत्या पट्ट्या. एवढं थोरलं डोकं मानेला पेलायचं, तर वजन कुठेतरी कमी व्हायलाच हवं.

घरी नवरा. पेशाने सुतार, स्वभावाने बोलघेवडा. रंधा थांबेल पण तोंड थांबणार नाही, असा. मागच्या वर्षी यंत्रातून उडालेली फळी त्याच्या जबड्यावर बसली. डॉक्टरांनी हाड जुळवलं, पण तोंड वाकडं झालं ते झालंच. तेव्हापासून दारात कुणी आलं की स्वारी आतल्या खोलीत. जेवायचं तेही ओट्यापाशी उभ्याने, भिंतीकडे तोंड करून. ताईने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

एके दिवशी कवटीचा खालचा जबडा उघडा करताना डाव्या बाजूला ओबडधोबड गाठ लागली. दगडच चिकटलाय असं समजून ताईने सुई टेकवली, तोच पलीकडच्या टेबलावरून या हाडांच्या अभ्यासक बाई ओरडल्या, "ताई, थांबा! सुई उचला!"

बाईंनी भिंग लावून कितीतरी वेळ पाहिलं. "दगड नाही हा, हाड आहे. जबडा मोडला होता याचा. मोडला आणि पुन्हा जुळला."

"म्हणजे हा जिवंत होता तोवर?"

"हो तर. मेल्यावर कुठलं हाड जुळतंय?"

आणखी क्षणभर, आणि ताई सगळं खरवडून बसली असती! ती हात पुसून खुर्चीत बसली, आणि उठली तेव्हा तिच्या मनात वेगळंच काही घोळत होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीकडे पाहतच म्हणाला, "वा! म्हणजे आता मी डायनासोर का?"

"तसं नाही हो. जबड्याला टेकू हवाय, लाकडाचा. मापं घ्यायला तरी याल?"

दोन दिवस टाळाटाळ करून तिसऱ्या दिवशी तो आला, गळपट्टा नाकापर्यंत ओढून. जबडा पाहिला आणि गडी जागचा हलेना. गाठीवरून त्याने अलगद अंगठा फिरवला. मग गळपट्टा खाली करून बाईंनाच विचारलं, "याने खाल्लं काय मग?"

शब्द वेडेवाकडे आले, पण बाईंना कळले. "मिळेल ते. उजवीकडचे दात जास्त झिजलेत, बघा. बहुतेक त्याच बाजूने चावत असेल."

"आणि हे हाडातून डोकावतायत ते?"

"नवे दात. जुना पडला की खालून नवा. जन्मभर."

"नशीबवान आहे लेकाचा!" सुतार म्हणाला, आणि ताई वर्षभरात पहिल्यांदा कामावर मोठ्याने हसली.

टेकूचं काम त्याने मनापासून केलं. जबड्याची दोन अर्धुकं हनुवटीशी सैलच होती, त्यामुळे दोन्हींना वेगळा आधार लागला. संग्रहालयाला धड बाजू लोकांसमोर हवी होती. सुतार अडून बसला. "मोडकी बाजू भिंतीकडे नाही करायची." बाईंनी आधी नाही म्हटलं, मग दालनात जाऊन दोन्ही बाजूंनी उभं राहून पाहिलं आणि टेबल भिंतीपासून मधे ओढायला लावलं.

दालन उघडलं त्या दिवशी गर्दी झाली. एका म्हातारबुवांनी विचारलं, "ही गाठ कसली हो?" ताई उत्तर द्यायला पुढे होणार, तोवर सुताराने सुरुवातही केली होती. अडखळत, थुंकी सावरत, पण पुरतं सांगितलं. बुवांनी दोनदा "काय?" केलं, याने दोनदा पुन्हा सांगितलं.

नंतर सगळ्यांसाठी चहा-बिस्किटं आली. तो ताईशेजारी खुर्ची ओढून बसला, बिस्किट चहात बुडवलं आणि उजव्या बाजूने सावकाश खाऊ लागला. थोडा चहा शर्टावर सांडला. समोर बसलेल्या अभ्यासक बाईंनी रुमाल पुढे केला.

"राहू द्या," तो म्हणाला, "अजून एक बिस्किट खायचंय."