औषध मिळालेला उंदीर

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास प्रयोगशाळेतल्या पडद्यावर मी एक उंदीर चालताना पाहिला. त्याच्या अंगात कर्करोगाच्या पेशी सोडलेल्या होत्या. पिंजऱ्यावरचा कॅमेरा तो जाईल तिथे त्याच्यामागे हिरवी रेघ काढत होता. आजार वाढला की उंदीर चालणं कमी करतो आणि रेघ आखूड होते, असं तिथल्या संशोधक बाईंनी सांगितलं. शेजारच्या पिंजऱ्यातली रेघ एका कोपऱ्यात गुंता होऊन थांबली होती. याची मात्र चारी भिंतींना लागून येत होती.

"याला नवं औषध चालू आहे," त्या म्हणाल्या.

"माणसांना कधी?"

"अजून काही वर्षं तरी नाही."

माझ्या थोरल्या भावाला हाच कर्करोग आहे. मी बातमीसाठी गेलो होतो आणि त्या मूठभर जनावराचा मला हेवा वाटला. औषधासाठी त्याने कुणाच्या विनवण्या केल्या नव्हत्या. शेवटी त्याला मारून तपासणार, हे कळल्यावरही हेवा कमी झाला नाही.

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं.

"उंदराचा वशिला मोठा दिसतोय," तो खाटेवरून म्हणाला. "आपली ओळख कुठे कमी पडली रे?"

"अहो, चेष्टा पुरे," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "जेवायला इकडे या. ताट खाटेवर मिळणार नाही."

दादा उठला. दारापर्यंत सात पावलं चालला, चौकट धरून थोडा वेळ उभा राहिला आणि परत येऊन खाटेवर बसला. वहिनीने ताट खाटेवर आणून दिलं.