देवळीतली बाटली

मांजरी गावच्या सोनबांना धीर म्हणून कधी धरता आला नाही. दूध तापायच्या आत चहा मागायचे, एस.टी. थांबायच्या आत उतरायचे. लग्नात अंतरपाट धरलेला असतानाच त्यांनी टाचा उंचावून नवरी पाहिली होती, आणि ती नवरी, म्हणजे चंद्रभागाबाई, हे भर पंगतीत सांगायला कधी चुकल्या नाहीत. "तुमची घाई!" एवढे दोन शब्द त्यांनी संसारभर पुरवले.

पण त्या शब्दांचा खरा काटा होता द्राक्षबागेचा.

उसाच्या गावात द्राक्षं लावायचं खूळ सोनबांच्या डोक्यात नव्वद सालानंतर शिरलं. देशात रोज नवी कंपनी येत होती, त्यातलीच एक पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं घ्यायला तयार होती. गाव हसलं. दारूची शेती, आणि करणार कोण, तर दारूला न शिवणारा सोनबा! त्यांचा बाप दारूपायी गेला होता, आणि आई यमुनाबाईंनी मरताना लेकाकडून वचन घेतलं होतं: तोंडाला लावायची नाही आणि घरात बाटली आणायची नाही. "पिकवायची न्हाई, असं कुटं म्हनली हुती आई?" सोनबा विचारायचे. आता या माणसापुढे कोण बोलणार!

बाग दोघांनी लेकरासारखी वाढवली. छाटणी सोनबांची, घड विरळायचं काम चंद्रभागाबाईंचं. पहिलं मोठं पीक आलं आणि आभाळ भरून आलं. कंपनीचा माणूस म्हणाला, आठवडाभर थांबा, गोडी भरू द्या. चंद्रभागाबाईही म्हणाल्या, "वाईच थांबा की." पण थांबतील ते सोनबा कसले? मजूर लावले आणि एका दिवसात बाग उतरवली. आभाळ आलं तसं निघून गेलं. पावसाचा टिपूस पडला नाही.

पुढच्या वर्षी कंपनीच्या साहेबांनी त्या द्राक्षांच्या वाईनची बाटली सोनबांच्या समोरच उघडली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबटढाण! आणि पांढरी वाईन ठेवून काही सुधारत नाही, काका. वर्ष-दोन वर्षांत संपवायची असते ती." दुसरी एक बाटली आठवण म्हणून सोनबांच्या हातात दिली आणि करार तिथंच संपला. गावाला आयतं कोलीत मिळालं. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागत्यात, सोनबाची खरंच निघाली!" बाग उपटली, ऊस लावला, आणि पुढे आयटीवाले आले तेव्हा ते रान बिल्डरकडे गेलं. आता तिथं टोलेजंग इमारत उभी आहे.

बाटली घरात नेता येईना आणि फेकवेना. मग सोनबांनी ती घराबाहेरच्या विहिरीत, पायऱ्यांजवळच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. देवळी ठेंगणी, बाटली उभी राहीना, म्हणून आडवी सारली आणि पुढे दगड लावला. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. उगाच ते दोन शब्द पुन्हा कोण ऐकणार?

वर्षं गेली. नात शेफाली शिकली, हिंजवडीला नोकरीला लागली. एक दिवस मुलगा रंगराव म्हणाला, विहिरीचं पाणी कुणी वापरत नाही, बुजवून पार्किंग करू. मुरूम घेऊन ट्रॅक्टर आला, तेव्हा पंचाहत्तरीचे सोनबा "थांबा!" म्हणून ओरडत पायऱ्या उतरले, आणि वर आले ते बाटली छातीशी धरून.

"आबा! वाईन? तुम्ही?" शेफालीचे डोळे विस्फारले.

"माझी न्हाई. आपल्या बागंची हाय."

"एवढ्या वर्षांत व्हिनेगर झालं असणार," रंगराव म्हणाला. "द्या ओतून."

सोनबांचा चेहराच पडला. चांगल्या रानाचं आणि बायकोच्या राबण्याचं आपल्या उतावळेपणानं वाटोळं झालं का, हा एकच प्रश्न त्यांना इतकी वर्षं खात होता. साहेब चुकला असेल, एवढीच काय ती आशा होती, आणि ती त्या बाटलीत होती.

शेफालीनं फोनवर शोधलं. "आबा, बहुतेक व्हाइट वाईन लवकरच प्यायच्या असतात. पण ज्या जास्त आंबट असतात ना, त्यातल्या काही टिकतात, चक्क सुधारतात. अंधार हवा, गारवा हवा, बाटली आडवी हवी, म्हणजे बूच सुकत नाही. मग आंबटपणा मवाळ होतो, रंग सोनेरी होतो. पण सगळ्यांचंच असं होत नाही हां. वायाही गेली असेल."

विहिरीचा काठ म्हणजे घर नव्हे, असा निवाडा सोनबांनी स्वतःच दिला. स्क्रू आणि पक्कड घेऊन शेफालीनं बूच ओढलं. चहाच्या काचेच्या ग्लासात वाईन ओतली. साहेबांनी बाटली उघडली तेव्हा पाण्यासारखी फिकी होती ती, आता करडईच्या तेलासारखी पिवळी दिसत होती. सोनबांनी नाकाशी नेली, वासाची काही शपथ नव्हती. वास गोडसर आला, पण त्यावरून काय कळणार?

"मी बघते पिऊन," शेफाली म्हणाली.

"नगं. तू गोड बोलशील."

तेवढ्यात, मघापासून शेजारी उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईंनी पदर खोचला आणि ग्लास काढून घेतला.

"अगं, अगं! तू?"

"शपथ तुमी घेतलीया. सासूबाईंनी माझ्याकडनं कुटं घेतली?" आणि बाईंनी घोट घेतलासुद्धा.

सगळे बघत राहिले. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं या बाईला जन्मात जमलं नव्हतं, आणि हे सोनबांइतकं कुणाला ठाऊक असणार?

"आंबट हाय?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"हाय."

सोनबांनी मान खाली घातली.

"पर बोचत न्हाई," म्हणत चंद्रभागाबाईंनी दुसरा घोट घेतला. "मधात लिंबू पिळावं तशी लागतीया. आन् मागनं भाजल्या शेंगदान्यावानी कायतरी येतंय." मग त्या समोरच्या इमारतीकडे बघत राहिल्या. "आपली बाग लई चांगली हुती वो."

सोनबांचे डोळे भरून आले. पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"त्या साली माजं ऐकून थांबला असता," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "तर एवढी आंबट झाली नसती, आन् आजपातूर टिकली नसती. एकदा तरी कामाला आली म्हनायची तुमची घाई."

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. "आबा, आवरा की! टाकू का मुरूम?"

सोनबा बायकोशेजारी काठावर टेकले.

"थांब की लेका," ते म्हणाले. "तिचा ग्लास संपू दे. घाई कसली हाय?"