हवालदारांच्या हातातलं पदक

समई घासायला घेतली की पॉलिशच्या वासाने मला आखातातल्या फुजैरातली एक सव्वीस जानेवारी आठवते. नव्वदच्या दशकातली. तेलाच्या टर्मिनलच्या आवारात झेंडावंदनाला आम्ही एकवीस जण होतो.

गेटवरचे कदम हवालदार भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेच्या यादवीत लढले होते, शौर्यपदक मिळवून आले होते. "आज पदक लावलंच पाहिजे," हा आग्रह माझाच. त्यांनी ते घासून चकचकीत केलं होतं, पण हातातच धरून उभे राहिले. समोर नाश्ता घेऊन आलेला मेसचा आचारी सेल्वम होता. श्रीलंकेतल्या जाफन्याचा तमिळ, आणि हवालदारांच्याच खोलीत राहणारा.

"साहेब, ह्याच्याच गावात मिळालंय हे," ते हळूच म्हणाले. "त्याला ठाऊक नाही."

सेल्वमने त्यांच्या हाताकडे पाहिलं. "लगाओ, भाई. तीन साल से मालूम है."

"फिर बोला क्यों नहीं?" हवालदारांनी विचारलं.

"तुम बोला क्या?"

हवालदारांनी पदक खिशात टाकलं आणि झेंड्याला सलाम केला. मला तेव्हा कार्यक्रमाचा विचका झाल्यासारखं वाटलं. आता मनात येतं ते वेगळंच. दिवा मालवल्यावर, हाताच्या अंतरावरच्या दोन खाटांवर, ती तीन वर्षं दोघांना झोप कशी लागली असेल? विचारायचं तर दोघांचाही पत्ता माझ्याकडे नाही.