कपाटावरच्या नव्याकोऱ्या उशा

आमच्या घरात कुठल्याही वस्तूचं वेष्टन काढायची पद्धत नाही. बाबांचं वाशीमला कापडाचं दुकान. माल उघडला की त्याची किंमत गेली, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि सोफ्यावरचं प्लास्टिक उन्हाळ्यात पोटऱ्यांना चिकटतं. पाहुणे उठताना चर्र आवाज होतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मग गाडी आली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी सगळ्या सीटवरची हेडरेस्टं उपसून काढली. त्यांच्या भाषेत त्या उशा. आई डोक्याला खोबरेल तेल थापते, उशा तेलकट होतील, उद्या गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक नाक मुरडेल, असा त्यांचा विचार. उशा साड्यांच्या पिशव्यांत शिरल्या आणि कपाटावर चढल्या.

मी तणतणले. म्हटलं, बाबा, त्या झोपायला नसतात. मागून कोणी ठोकलं की अंग सीटबरोबर पुढे जातं आणि डोकं मागे हिसकलं जातं, ते अडवायला असतात. म्हणून तर त्या डोक्याच्या उंचीला लावायच्या, मानेच्या खाली नाही. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकतात तसं.

“आपण समोर पाहून चालवतो ना? मंग मागून कोन येते?”

कप्पाळ! मी आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. तिचं ते नेहमीचंच होतं. बाबांना ती तोंडाने कधी ‘हो’ म्हणाल्याचं मला आठवत नाही, सगळं काम मानच करायची.

मागून आला तो सोयाबीनची पोती भरलेला पिकअप. आम्ही अनसिंगला मावशीकडे बारशाला निघालो होतो. बाबा गाडी चालवत होते, आई शेजारी, आणि मी मागच्या सीटवर रुसून आडवी. गावाजवळ रस्त्यात शेळ्या आल्या आणि बाबांनी ब्रेक दाबला. आई नेमकी मान मागे वळवून मला सांगत होती, ऊठ, गाव आलं, केस तरी विंचर. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. धक्का काही फार मोठा नव्हता. मी सीटवरून खाली घसरले, बाबा समोर बघत होते म्हणून त्यांची मान नुसती हिसकली.

बाबा खाली उतरले आणि आधी बंपर पाहिला. बंपरला पोचा होता. त्या पोच्यावरून पिकअपवाल्याशी हुज्जत चांगली रंगात आली असताना आई आतून हळूच बोलली.

“माही मान वळून नाही राह्यली.”

बाबा हुज्जत तशीच टाकून तिच्या दाराशी आले. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला, आणि तो काढायलाही फुरसत नाही इतकी भीती वाटली.

बारसं राहिलं, आम्ही वाशीमला परतलो. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण आतून मान चांगलीच दुखावली होती. गळ्याला पट्टा लावा म्हणाले, मान पहिल्यासारखी वळेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, गाडीला हेडरेस्ट नव्हतं का?

“आहे ना,” बाबा म्हणाले. “घरी आहे. एकदम नवं.”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं.

पुढे नातेवाईक भेटायला आले. प्लास्टिकवर बसून त्यांनी आईचा पट्टा पाहिला, मग अंगणात जाऊन बंपर पाहिला, आणि गाडीले जास्त काही झालं नाही हे नशीब म्हणून चहा पिऊन गेले. आईला मान डोलावता येत नव्हती. बाबा काही बोलायचे, तिची मान हलेल म्हणून सवयीने थांबायचे आणि तिच्या पट्ट्याकडे पाहायचे.

पुन्हा डॉक्टरांना दाखवायला जायच्या दिवशी बाबांनी उशा कपाटावरून उतरवल्या, फुंकर मारली आणि सीटवर बसवल्या. पिशव्यांसकट. आई दारात येऊन उभी राहिली. केसांना तेल चपचपीत. गाडीत काही बसेना.

“पहिले ते पिशवी काढा.”

बाबा पुटपुटले, तेल लागते ना.

“लागू द्या.”

बाबांनी पिशवी टराटरा फाडली. उशी वर ओढून तिच्या डोक्याच्या बरोबरीला आणली, दोनदा हलवून पाहिली. आईने डोकं टेकलं.

तिची मान आता उजवीकडे पुरती वळत नाही. बाबा गाडी चालवताना उजवीकडेच असतात, त्यामुळे ती समोर बघूनच त्यांना काय ते सांगते, आणि चांगलं मोठ्याने सांगते. तिच्या उशीवर तेलाचा हा एवढा डाग पडलाय. परवा दुकानासमोर गाडी धुणाऱ्याने त्याला साबण लावायला घेतला, तर बाबा दुकानातलं गिऱ्हाईक तसंच सोडून धावत बाहेर आले आणि म्हणाले, तेवढा राहू दे.