डाव्या पायाची दृष्ट

"पाय हिकडं कर," असं म्हणून अक्का मूठ पुढे करायची, आणि मैदानात निघालेला आमच्या मिलचा सर्वांत तेज फुटबॉल खेळाडू, व्यंकू, शहाण्या मुलासारखा थांबून डावा पाय तिच्यापुढे धरायचा. मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. मूठ पायावरून तीनदा उतरायची, ओठ हलत राहायचे. "आल्यागेल्याची, पोलीसवाल्यांची, रेल्वेवाल्यांची, पलीकडच्या मिलवाल्यांची, साहेबाच्या मडमेची..." सामना कुणाशी आहे त्यावर ही यादी बदलायची. मडम मात्र कायम असे.

दृष्ट फक्त व्यंकूची, आणि तीही फक्त डाव्या पायाची. उजव्याची का नाही, असं मी एकदा विचारलं.

"उजव्याला कोण नजर लावतंय? त्यावर त्यो नुसता हुबा ऱ्हातोय की."

मग ती मूठ दोरीजवळ बसणाऱ्या शेंगदाणेवाल्याच्या शेगडीत जायची. तुम्ही घरी पाहिलं असेल, मिरच्या जळल्या आणि सगळ्यांना ठसका लागला, तर नजर नव्हतीच असं समजतात. ठसका लागला नाही, तर नजर जबर होती, तिनं मिरचीचा तिखटपणाच खाल्ला. आमच्याकडे दर रविवारी दोरीला उभी असलेली सगळी ओळ खोकत, डोळे पुसत सामना बघायला लागायची. अक्का समाधानानं म्हणायची, "निर्मळ हाय पोरगं."

अक्का आमच्या मिलमध्ये सूत गुंडाळण्याच्या खात्यात होती. माझे वडील मिलच्या दवाखान्यात डॉक्टर. आमचं घर मैदानाच्या कडेला, तिची खोली आमच्या परसामागच्या चाळीत. मी मिशनच्या शाळेत जात असे. तिथे इंग्रजीत बोलावं लागे आणि घरी फारसं बोलावंच लागत नसे. सामने मी खिडकीतून पाहायची. एका रविवारी अक्का खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"ताई, तितनं अर्धंच मैदान दिसतंय. हितं या, उरल्यालं अर्धं मी दावते."

वडील हसले आणि हो म्हणाले. त्यानंतर दर रविवारी मी दोरीच्या तिसऱ्या खांबापाशी अक्काच्या शेजारी उभी राहत असे. ती जागा तिची होती. गोलाचे खांब रोवायच्या आधीपासून ती तिथे उभी राहते, असं जुने लोक सांगत. आठवडाभर रिळांच्या गरगराटात तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे. तो ती रविवारी दोरीवर मोकळा करायची. तिचं माहेर वळसंगकडचं, घरात कानडी. फार रंगात आली की ती "होडी, होडी" ओरडायची. कानडीत त्याचा अर्थ 'मार'. आमच्या आईला किती तरी दिवस कळेना, की सोलापुरात ही बाई होडी कुठे शोधते.

खेळाचे नियम तिला मान्य नव्हते. मी शाळेत शिकलेला ऑफसाइडचा नियम तिला समजावून सांगितला. तिनं नीट ऐकून घेतला. "म्हंजे बाकीचे मागं ऱ्हायले, हा गुन्हा ह्याचा व्हय?"

व्यंकू तिचा कुणी नव्हता. तो विणकरांच्या पेठेतला, घरात तेलुगू बोलणारा, मागावर काम करणारा. आई लहानपणीच गेलेली. दोघं एकमेकांशी मराठी बोलत, आणि ती मराठी दोघांनी आपापल्या घरच्या भाषेत घोळून आणलेली असे. तो अनवाणी खेळायचा. चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागला, की दोरीवरचे लोक एकदम गप्प होत. तुझं आणि त्याचं नातं काय, असं कुणी अक्काला विचारलं, तर ती म्हणायची, "आपला हाय की." याहून जास्त खुलासा तिनं कधी केला नाही.

आणि मग एका वर्षी आमचा व्यंकू गेला.

झालं असं, की दोन्ही मिलच्या साहेबांचं क्लबात बोलणं झालं. पलीकडच्या मिलला डाव्या बगलेला खेळाडू हवा होता. आमच्या साहेबाला मिलच्या बँडची फार हौस. ठरलं, की व्यंकू त्यांच्याकडे जावा आणि बदल्यात त्यांचा एक गोलकीपर आणि एक क्लॅरिओनेट वाजवणारा आमच्याकडे यावा. व्यंकूला तिथे मुकादमी आणि राहायला खोली मिळणार होती. नको कसं म्हणणार? जायच्या आधी तो अक्काच्या दारात येऊन बसला. काय बोलले ठाऊक नाही. जाताना त्याच्या हातात भाकरी आणि शेंगाच्या चटणीचं गाठोडं होतं, एवढं मी परसातून पाहिलं.

आमच्या मिलमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. सुताला खळ लावण्याच्या खात्यातला महादू हा आमच्या बाजूचा सर्वांत मोठा आवाज. त्यानं दाढी करायचं सोडलं. काहींनी व्यंकूच्या नव्या खोलीवरून जायचा रस्ता बदलला. सगळा राग निघाला तो बिचाऱ्या क्लॅरिओनेटवाल्यावर. तो वाजवायला लागला की मागून कुणी तरी म्हणे, "वाजवा, वाजवा. चेंडू जातोय का बघू जाळ्यात." तो मनुष्य खरोखर गोड वाजवायचा, पण त्याच्याकडे कुणी बघेना. शेवटी अक्कानंच त्याला शेंगदाण्यांचा पुडा नेऊन दिला. "खा. तुजा काय दोष? तुला बी इकलंच की." त्यानं पुडा घेतला आणि त्या रविवारी पहिल्यांदाच हसत वाजवलं.

मग पलीकडच्या मिलशी सामना ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी महादू अक्काच्या दारात आला. आमच्या परसातून सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, सांगून ठेवतो. उद्या त्याची दृष्ट काढायची न्हाय."

"बरं."

"बरं न्हवं. काढलीस, तर आमच्या दोरीला हुबं ऱ्हायचं न्हाय. तिकडं त्यांच्यात जायचं. सगळ्यांनी ठरिवलंय."

"बघू की."

"त्यो आता आपला न्हाय, अक्का."

अक्काच्या भांडी घासण्याचा आवाज मोठा झाला.

मला त्या रात्री वाईट वाटत होतं. तिचं ते तिसऱ्या खांबापाशी उभं राहणं गेलं, तर तिच्या रविवारात काय उरेल, ते मला दिसत होतं. आणि तिनं मूठ झाकून ठेवली, तर व्यंकूकडे कोण बघणार, तेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मैदान भरून वाहत होतं. आमच्या ओळीत कुणी अक्काशी बोलत नव्हतं, नुसतं तिच्या मुठीकडे बघत होते. मूठ झाकलेली होती. मी नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ उभी होते.

पलीकडचा संघ निळे सदरे घालून आला. व्यंकूच्या पायांत बूट होते, चकचकीत. सगळे मैदानात गेले. तो मात्र वळला आणि आमच्या दोरीकडे चालत आला. तिसऱ्या खांबापाशी थांबला. कुणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवता त्यानं डावा पाय पुढे धरला.

अक्कानं त्या पायाकडे बघितलं. मला वाटलं, ती आता तोंड फिरवणार.

"बूट काढ," ती म्हणाली. "कातड्याची दृष्ट काढू व्हय?"

तो मटकन खाली बसला आणि नाडी सोडायला लागला. सवय नसल्यामुळे गाठ सुटेना. पंच शिट्टी तोंडात धरून वाट बघत उभा. अखेर पाय बाहेर आला, तोच जुना, टाच फुटलेला, धुळीनं रापलेला पाय. ओळीत कुणी तरी उसासा टाकला.

"पाय हिकडं कर."

मूठ तीनदा उतरली. ओठ हलले. मग अक्का शेगडीपाशी गेली आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली. मीठ तडतडलं. सगळी ओळ सवयीनं पदर, टोप्या, उपरणी नाकाला लावून उभी राहिली.

ठसका आला नाही. कुणालाच आला नाही. शेंगदाणेवाल्यानं तर शेगडीवर वाकून वास घेतला.

अक्का वळली. एकेकाच्या तोंडाकडे सावकाश बघत गेली आणि महादूपाशी थांबली.

"बगितलंस? केवढी नजर लागली हुती पोराला. पलीकडच्यांची कशी असंल, त्येंनी तर त्याला नेलाय. मग कुणाची रं?"

महादूनं दाढी खाजवली. त्याच्या मागचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. हे सगळे महिनाभर व्यंकूच्या नावानं बोटं मोडत होते, आणि तेही एकमेकांना ठाऊक होतं. आधी क्लॅरिओनेटवाला हसला. मग शेंगदाणेवाला. मग महादू खाली मान घालून म्हणाला, "लई लागली असंल, अक्का. अजून एकदा काढ." त्यावर ओळच्या ओळ हसत सुटली. व्यंकूनं दुसराही बूट काढला, दोन्ही बूट अक्काच्या पायाशी ठेवले आणि अनवाणी मैदानात पळाला.

सामना बरोबरीत सुटला. व्यंकूनं गोल केला तेव्हा आमच्या दोरीवर पहिली टाळी अक्काची वाजली, दुसरी महादूची, आणि मग कुणाची कोणती ते कळेना. शेवटी शेवटी आमच्यातल्या एकानं परतफेड केली, तेव्हा अक्कानं व्यंकूचे बूट हातांत घेऊन ते एकमेकांवर बडवले. "दोन गोल झाले, दोनी आपलेच की," ती घरी जाताना सांगत होती. त्या संध्याकाळी क्लॅरिओनेटवाल्यानं आमच्या मिलपासून पलीकडच्या मिलपर्यंत वाजवत वरात नेली. पुढे व्यंकू होता आणि महादू त्याचे बूट गळ्यात अडकवून नाचत होता.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मी तिच्या डाव्या अंगाला उभी होते, म्हणून मला दिसलं. निळे सदरे मैदानात यायच्याही आधी, कुणाचं लक्ष नसताना, अक्कानं मुठीतल्या मिरच्या काढून पदराच्या टोकात बांधल्या होत्या. शेगडीत गेलं ते नुसतं मीठ आणि मोहरी. दुसऱ्या दिवशी तिनं मला भाकरीबरोबर शेंगाची चटणी दिली. ती फार तिखट होती. मी तिच्याकडे बघितलं. ती पाणी आणायला उठली.

अक्का आता इथे नाही. डोळ्यांना दिसेना, सूत हाताला लागेना, तेव्हा वळसंगला दिलेली तिची लेक येऊन तिला तिकडे घेऊन गेली. मी शाळा संपवून आता मुलींना शिकवते, पण रविवार चुकवत नाही.

गेल्या रविवारीही गेले होते. आमच्या डाव्या बगलेला नवा मुलगा आला आहे, नातेपुत्याकडचा. त्यानं अक्काला कधी पाहिलेलं नाही. तरी मैदानात जाताना तो तिसऱ्या खांबापाशी थांबला आणि इतरांकडून शिकल्याप्रमाणे त्यानं डावा पाय पुढे धरला. समोर कुणी नव्हतं. शेगडीत मिरची नव्हती. महादूनं घसा साफ केला आणि मोठ्यानं खोकला. मग क्लॅरिओनेटवाला खोकला, मग शेंगदाणेवाला, मग दोरीवरची सगळी ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मीही खोकले. पोरगं निर्मळ होतं. ते पळत मैदानात गेलं.